मान न वळवता

जुन्या वाड्यातलं सोवळं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ऑपरेशन थिएटरचे नियम वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. शिवायच्या वस्तू वेगळ्या, न शिवायच्या वेगळ्या. सर्जनने हात धुवून हातमोजे चढवले की त्याचे हात फक्त रोग्याच्या शरीराला आणि सिस्टरने पुढे केलेल्या हत्यारांना लागणार. नाकाला खाज सुटली तर सोसायची. चष्मा घसरला तर दुसऱ्या कुणीतरी तो वर सारायचा. कॉम्प्युटरचा माऊस, रोग्याची फाइल, फोन, भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावलेली एक्स-रेची फिल्म, ही सगळी मंडळी ओवळ्यातली.

हात बांधलेले असतात हे सगळ्यांना दिसतं. डोळेही बांधलेले असतात, हे चटकन लक्षात येत नाही. सर्जनला एकाच वेळी तीन-चार ठिकाणी पाहायचं असतं: जखमेत, रक्तदाब आणि ऑक्सिजन दाखवणाऱ्या मॉनिटरवर, आदल्या दिवशी काढलेल्या सीटी स्कॅनवर, आणि दुर्बिणीतून ऑपरेशन असेल तर टीव्हीच्या पडद्यावर. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या दिशेला. म्हणजे मान वळवायची, पाहायचं, लक्षात ठेवायचं, पुन्हा मान खाली घालायची आणि मघाशी पाहिलेलं चित्र समोरच्या रक्तामांसात शोधायचं. स्कॅनमध्ये गाठ काळ्या-पांढऱ्या रंगात, कापल्यासारखी स्पष्ट असते. पोटात सगळंच लाल आणि ओलं. या दोन चित्रांचा मेळ सर्जन आपल्या डोक्यात घालतो आणि त्याच्या कौशल्याचा मोठा भाग हाच असतो.

स्मार्ट चष्म्यांचा वैद्यकातला इतिहास म्हणजे ही वळणारी मान वाचवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे.

मुळात हा चष्मा वैद्यकासाठी बनलाच नव्हता. २०१२च्या जूनमध्ये गूगलने सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत आकाशातून उड्या मारणाऱ्या माणसांच्या डोळ्यांवर ‘गूगल ग्लास’ चढवून त्याची जाहिरात केली. पुढच्या वर्षी तो निवडक लोकांना दीड हजार डॉलरला मिळू लागला. काचा नसलेली धातूची चौकट, उजव्या डोळ्याच्या किंचित वर काचेचा एक छोटा लोलक, शेजारी पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि कानामागे कवटीच्या हाडातून आवाज पोहोचवणारा लहानसा स्पीकर. लोलकात दिसणारं चित्र आठ फुटांवर ठेवलेल्या पंचवीस इंची टीव्हीएवढं भासावं, असा कंपनीचा दावा होता. ‘ओके ग्लास’ म्हटलं की तो जागा व्हायचा. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला यातलं काहीच अत्यावश्यक नव्हतं. हात न लावता चालणारा कॅमेरा आणि पडदा मात्र सोवळ्यातल्या माणसाला हवाच होता.

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यातल्या बँगर या गावी राफाएल ग्रॉसमन नावाचे सर्जन होते. मूळचे व्हेनेझुएलाचे. जून २०१३ मध्ये त्यांनी ग्लास घालून एका रोग्याच्या पोटातून जठरात अन्नाची नळी बसवली आणि आपल्याला दिसतं ते सारं व्हिडिओ कॉलवरून जवळच ठेवलेल्या आयपॅडवर पाठवलं. रोग्याची संमती घेतलेली होती, चेहरा कुठेही दिसू दिला नव्हता. ऑपरेशन म्हणून पाहिलं तर साधंच, रोजचं. ग्रॉसमन यांनी ते मुद्दाम साधं निवडलं असावं. नवं हत्यार पहिल्यांदा हाती घेताना शहाणा माणूस अवघड काम काढत नाही. त्याच महिन्यात माद्रिदमध्ये पेद्रो गियेन यांनी गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशींचं रोपण ग्लास घालून केलं आणि ते स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी तिकडे बसून पाहिलं. ऑगस्टमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात गुडघ्याच्या स्नायुबंधाचं ऑपरेशन असंच प्रक्षेपित झालं. सप्टेंबरमध्ये चेन्नईत डॉ. जे. एस. राजकुमार यांनी ग्लास वापरला, तर जानेवारी २०१४ मध्ये जयपूरच्या परिषदेत अमेरिकेतून आलेले अस्थिशल्यतज्ज्ञ सेलीन पारेख यांनी तो पावलाच्या आणि घोट्याच्या शस्त्रक्रियेसाठी घातला.

या सगळ्यांत अलाबामाचा प्रयोग एक पाऊल पुढचा होता. बर्मिंगहॅम शहरात ब्रेंट पॉन्स खांद्याचा सांधा बदलत होते आणि त्यांना दिसणारं दृश्य अटलांटातले सर्जन फणी दांतुलुरी आपल्या पडद्यावर पाहत होते. दांतुलुरींनी पडद्यासमोर हात पुढे केला की त्या हाताची प्रतिमा पॉन्स यांच्या लोलकात, ऑपरेशनच्या दृश्यावरच उमटायची. ‘इथे कापा’ असं फोनवर सांगणं वेगळं आणि बोट ठेवून दाखवणं वेगळं. शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येऊ लागलं, हे त्या काळच्या बातम्यांच्या गदारोळात थोडं झाकोळूनच गेलं.

शिकवण्याच्या बाबतीतही एक गंमत झाली. शस्त्रक्रियेच्या खोलीला ‘थिएटर’ का म्हणतात? कारण पूर्वी ते खरोखरच नाट्यगृह होतं. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचं १८२२ सालचं शस्त्रक्रियागृह आज संग्रहालय म्हणून जपलं आहे. मध्ये लाकडी टेबल आणि भोवती अर्धवर्तुळात चढत जाणाऱ्या पायऱ्या, त्यावर दाटीवाटीने उभे राहणारे विद्यार्थी. पुढे जंतूंची ओळख पटली, रस्त्यावरचे जोडे घालून येणारे प्रेक्षक परवडेनासे झाले आणि पायऱ्या गेल्या. थिएटर हा शब्द तेवढा उरला. तेव्हापासून मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात त्या प्रामुख्याने हिरव्या गाऊनमधल्या पाठी.

२२ मे २०१४ रोजी लंडनमध्येच या पायऱ्या परत आल्या असं म्हणता येईल. रॉयल लंडन रुग्णालयात शफी अहमद यांनी ७८ वर्षांच्या एका रोग्याच्या यकृतातला आणि आतड्यातला कर्करोग ग्लास घालून काढला. अहमद यांचा जन्म बांगलादेशातल्या सिल्हेटचा. ११५ देशांतले सुमारे १३ हजार विद्यार्थी हे ऑपरेशन पाहत होते आणि तेही सर्जनच्याच नजरेतून. विद्यार्थी प्रश्न टाइप करायचे, प्रश्न अहमद यांच्या लोलकात उमटायचा आणि अहमद हात न थांबवता तोंडी उत्तर द्यायचे. दूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या मुलीला त्या दिवशी जितकं स्पष्ट दिसलं असेल, तितकं त्याच खोलीतल्या दुसऱ्या रांगेतून दिसणं शक्य नव्हतं.

तरी इथे एक शंका काढायलाच हवी. उदरातलं अवघड काम चालू असताना डोळ्याच्या कोपऱ्यात प्रश्न उमटत राहणं बरं का? अहमद यांना ते पेललं. प्रत्येकाला पेलेल असं नाही, आणि या शंकेचं उत्तर पुढे प्रयोगातून मिळालं तेव्हा ते काही सुखाचं नव्हतं. त्याकडे येऊच.

ग्लाससारख्या चष्म्याचं काम गाडीच्या बाजूच्या आरशासारखं असतं. रस्ता समोर, आरसा कडेला. नजर किंचित हलवली की हवं ते दिसतं. हे साधं वाटलं तरी त्याचा हिशेब सेकंदांत मांडता येतो. स्टॅनफर्डमध्ये १४ निवासी शल्यडॉक्टरांना नकली रोग्यावर काम करायला लावलं आणि मधेच रोग्याची प्रकृती बिघडवली. ज्यांच्या चष्म्यात नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजनचे आकडे दिसत होते त्यांना ऑक्सिजन घसरल्याचं ८.८ सेकंद आधी कळलं आणि रक्तदाब कोसळल्याचं १०.५ सेकंद आधी. इतरांना नेहमीच्या मॉनिटरकडे मान वळवावी लागत होती. चौदा माणसांचा प्रयोग लहानच. त्यावर मोठे मनोरे रचू नयेत. पण भूल दिलेल्या रोग्याच्या बाबतीत दहा सेकंद म्हणजे काय, हे कुठल्याही भूलतज्ज्ञाला विचारावं.

बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाने हाच आरसा तातडीच्या विभागात आणला. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला. डॉक्टर आत शिरताना त्याकडे पाहायचा आणि त्या खोलीतल्या रोग्याची माहिती लोलकात यायची. तिथल्या डॉ. स्टीव्हन हॉर्न्ग यांच्यासमोर एकदा मेंदूत रक्तस्राव झालेला रोगी आला. रक्तदाब तातडीने उतरवायला हवा होता. रोगी म्हणाला, रक्तदाबाच्या काही औषधांची मला अ‍ॅलर्जी आहे, पण कोणत्या ते आठवत नाही. एरवी डॉक्टरला कॉम्प्युटर गाठावा लागला असता. इथे रोग्याच्या उशाशी उभं राहूनच अ‍ॅलर्जीची यादी दिसली, शिवाय तो रक्त पातळ करणारं औषध घेतो हेही दिसलं. रक्तस्राव होत असलेल्या माणसाच्या बाबतीत ही दुसरी माहिती पहिलीइतकीच मोलाची.

यात धंद्याची एक वाटही निघाली, आणि ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. अमेरिकी डॉक्टरांची मोठी तक्रार अशी की रोग्याकडे पाहायचं सोडून टाइप करण्यातच दिवस जातो. ऑगमेडिक्स नावाच्या कंपनीने डॉक्टरला ग्लास घातला आणि पलीकडच्या टोकाला लेखनिक बसवला. डॉक्टर रोग्याशी बोलतो, लेखनिक ते ऐकत-पाहत केसपेपर लिहितो. हे लेखनिक ढाक्यात बसायचे, भारतातही बसायचे. एका रुग्णालय समूहातल्या चाचणीनंतर २०१४ मध्ये आकडे जाहीर झाले: नोंदी करण्यात जाणारा वेळ ३३ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला आणि रोग्याशी बोलण्याचा ३५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला. आकडे विकणाऱ्याच्याच गोटातले आहेत, हे लक्षात ठेवून वाचावेत. पुढे हेच काम साध्या मोबाइलवर होऊ लागलं, मग बोलणं ऐकून आपणच टिपणं काढणारी संगणकप्रणाली आली, आणि २०२४ मध्ये ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. चष्मा गेला, त्याने दाखवलेली गरज टिकली.

दरम्यान रस्त्यावरचा ग्लास आपटला होता. समोरचा माणूस आपलं चित्रण करतोय की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून लोक बिथरले. काही हॉटेलांनी आणि बारनी ग्लासवाल्यांना दार बंद केलं. जानेवारी २०१५ मध्ये गूगलने सामान्य ग्राहकांची विक्री थांबवली, २०१७ मध्ये कारखाने आणि रुग्णालयांसाठी वेगळी आवृत्ती काढली आणि मार्च २०२३ मध्ये तीही बंद केली. वैद्यकातही त्याचे पाय मातीचेच होते. व्हिडिओ चालू ठेवला की बॅटरी बघता बघता संपायची, चौकट कानशिलाशी तापायची, थिएटरच्या लखलखीत दिव्याखाली कॅमेऱ्याला जखम पांढरीफटक दिसायची. सर्जन जखमेत पाहण्यासाठी डोळे खाली वळवतो, मान तितकी वळवत नाही. कॅमेरा मात्र कपाळाच्या दिशेने सरळ पाहत राहतो. बऱ्याच व्हिडिओंत म्हणून ऑपरेशन चौकटीच्या तळाला सरकलेलं दिसायचं.

आरशाचा चष्मा असा मागे पडत असताना दुसऱ्या कुळातला चष्मा पुढे येत होता. तो कडेला पाटी दाखवत नाही. समोर जे दिसतं त्याच्यावरच चित्र उमटवतो. पूर्वी भरतकाम करण्याआधी कापडावर निळीचा छाप उठवून घेत आणि त्या रेषांवरून टाका घालत; तसा हा शरीरावर उठवलेला प्रकाशाचा छाप.

कल्पना जुनी आहे. डोक्यावर घालायचा असा पहिला पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. १९९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिल इथल्या संशोधकांनी गरोदर बाईच्या पोटावर सोनोग्राफीची चित्रं अशी उमटवून दाखवली, की पाहणाऱ्याला पोटात डोकावल्याचा भास व्हावा. भास ओबडधोबड होता आणि संगणक मंद. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं संगणक लहान आणि वेगवान होण्याची वाट पाहण्यात गेली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘होलोलेन्स’ आला आणि सर्जनना पहिल्यांदा बाजारातून आणून डोक्यावर चढवता येईल असं यंत्र मिळालं.

हा छाप उठतो कसा, हे जरा नीट पाहण्याजोगं आहे. आधी सीटी स्कॅन काढायचा. स्कॅन म्हणजे शरीराचे पावाच्या स्लाइससारखे शेकडो काप. संगणकावर त्या प्रत्येक कापात हाड, रक्तवाहिनी, गाठ वेगवेगळ्या रंगात वेगळी काढायची आणि काप पुन्हा एकावर एक रचायचे. झाली त्रिमिती प्रतिकृती. इथवरचं काम आता अवघड राहिलेलं नाही. खरी मेख पुढे आहे: ही प्रतिकृती टेबलावरच्या खऱ्या माणसावर तंतोतंत बसवायची. त्यासाठी शरीरावर खुणा चिकटवतात किंवा हाडालाच एक छोटा चिमटा पकडवून त्यावर कॅमेऱ्याला ओळखता येईल अशी खूण ठेवतात. चष्म्याचे कॅमेरे त्या खुणा पाहत राहतात. सर्जनने मान हलवली तरी छाप जागचा हलता कामा नये. आणि रोग्याने श्वास घेतला की? यकृत श्वासागणिक वरखाली होतं. पोट उघडलं की आतडी सरकतात. स्कॅन काढला तेव्हाचं शरीर आणि आत्ताचं शरीर यांत फरक पडतो आणि छाप खोटा ठरतो. हाड मात्र वाकत नाही. म्हणूनच या चष्म्यांना पहिलं खरं यश मऊ अवयवांत मिळालं नाही, ते हाडांत मिळालं.

५ डिसेंबर २०१७ रोजी पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथल्या अविसेन रुग्णालयात तोमा ग्रेगॉरी यांनी ऐंशी वर्षांच्या रोग्याचा खांदा होलोलेन्स घालून बदलला. खांद्याच्या ऑपरेशनात जखम लहान असते आणि हाडाचा बराचसा भाग स्नायूंच्या आड लपलेला असतो. कृत्रिम सांधा कोणत्या कोनात बसवायचा हे त्या न दिसणाऱ्या भागावर ठरतं. ग्रेगॉरींच्या डोळ्यांसमोर संपूर्ण हाडाची प्रतिकृती होती.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातली गोष्ट थोडी वेगळी आणि या सगळ्यांतली सर्वांत नेमकी गरज तीच होती असं म्हणायला हरकत नाही. अपघातात पायाची कातडी आणि मांस गेलं की शरीराच्या दुसऱ्या भागातून मांसाचा जिवंत तुकडा आणून तिथे शिवतात. तो तुकडा जगतो तो त्यात शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर. त्या चुकून कापल्या तर तुकडा मेला. आजवर या वाहिन्या डॉप्लर यंत्राची पेन्सिल कातडीवर फिरवून, रक्त वाहण्याचा आवाज ऐकत शोधत असत. बराचसा अंदाजाचा मामला. इम्पीरियल कॉलेजच्या फिलिप प्रॅट यांच्या गटाने पाच रोग्यांच्या पायांवर हाडं, स्नायू आणि या वाहिन्यांचा छाप होलोलेन्समधून उमटवला. रोग्यांत ८५ वर्षांची एक बाई होती. छाप थोडा सरकला तर सर्जन हाताच्या इशाऱ्याने तो जागेवर आणत. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पाच ही संख्या फार नव्हे, पण अंदाजाच्या जागी चित्र आलं.

मणक्याच्या बाबतीत मात्र प्रकरण प्रयोगाच्या पलीकडे गेलं. पाठीचे मणके जोडताना त्यांत स्क्रू बसवतात. ज्या हाडाच्या खांबातून स्क्रू जातो तो अरुंद असतो आणि त्याला लागूनच मज्जारज्जू. दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी पाय लुळा पडण्याची भीती. केसपेपरवाल्या ऑगमेडिक्सच्या नावाशी उच्चाराने जुळणाऱ्या, पण वेगळ्याच एका कंपनीने खास मणक्यासाठी ‘एक्सव्हिजन’ नावाचं शिरस्त्राण बनवलं. ते सर्जनला कातडीखालचा मणका आणि हातातल्या हत्याराचं टोक एकत्र दाखवतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये त्याला परवानगी दिली आणि जून २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात टिमथी विदम यांच्या चमूने जिवंत रोग्यावर ते वापरून सहा स्क्रू बसवले. दोनच दिवसांनी तिथेच मणक्यातली कर्करोगाची गाठ काढताना ते पुन्हा वापरलं. नेव्हिगेशन म्हणजे दिशादर्शक यंत्रणा मणक्याच्या सर्जनना नवी नव्हती. फरक एवढाच की ती पूर्वी बाजूच्या पडद्यावर असे, आणि मान तिकडे वळवून हात इकडे चालवावे लागत.

तिसऱ्या कुळातला चष्मा छापही उठवत नाही आणि पाटीही दाखवत नाही. साध्या डोळ्याला जे दिसतच नाही ते तो दाखवतो. नायजेरियात जन्मलेले सॅम्युअल अचिलेफू हे रसायनशास्त्रज्ञ सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करत होते. कर्करोगाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनपुढची अडचण अशी असते की निरोगी पेशी आणि रोगट पेशी रंगाने सारख्याच. सगळं काढलं की नाही हे कळतं ते काही दिवसांनी, प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर. आणि कधीकधी रोग्याला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. इंडोसायनीन ग्रीन नावाचा रंग शरीरात सोडला आणि त्यावर विशिष्ट अवरक्त प्रकाश टाकला की तो चमकतो, पण ती चमक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. अचिलेफूंच्या चष्म्यातला कॅमेरा ती पकडतो आणि निळ्या रंगात सर्जनच्या डोळ्यांपुढे आणतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनात ज्युली मार्गेन्थेलर यांनी हा चष्मा घातला. स्तनातला कर्करोग पसरायला निघाला की बहुधा पहिला मुक्काम काखेतल्या लसिका ग्रंथीत करतो. ती पहिली ग्रंथी नेमकी शोधून काढली आणि तपासली की बाकीच्या ग्रंथी उगाच काढाव्या लागत नाहीत. सगळ्या काढल्या तर हात सुजून राहण्याचा धोका असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. कळसा काखेतच असतो. चष्म्याने तो उजळून दाखवला.

याच तत्त्वाचा एक साधा भाऊबंद आहे. शिरेतलं रक्त अवरक्त प्रकाश शोषतं आणि भोवतालचं मांस तो परतवतं, त्यामुळे योग्य कॅमेऱ्यातून शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. हे तत्त्व चष्म्यात बसवून २०१३ मध्ये नर्ससाठी एक चष्मा जाहीर झाला. तापाने फणफणलेल्या गुटगुटीत बाळाला सलाइन लावताना चारदा सुई टोचलेली ज्या आईने पाहिली आहे, तिला त्याचं मोल वेगळं सांगायला नको. तरी तो गावोगावच्या दवाखान्यांत काही पोहोचला नाही. शिरा दाखवणारी हातात धरायची यंत्रं आली आणि ती पुरली.

आता त्या मघाच्या शंकेकडे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बत्तीस सर्जनना मृतदेहाच्या नाकातून दुर्बीण घालून ठरलेल्या जागी पोहोचायला सांगितलं. पंधरा जणांच्या पडद्यावर अवयवांच्या रेषांचा छाप उमटवला होता, सतरा जणांना नुसतं दृश्य दिसत होतं. छापवाले अधिक अचूक ठरले: ठरलेल्या बिंदूपासून साधारण २.१ मिलिमीटरवर पोहोचले, इतर ४.१ मिलिमीटरवर. परीक्षकांनी मात्र वाटेत दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या होत्या, एक स्क्रू आणि एक गंभीर इजा. छाप न पाहणाऱ्या सतरांपैकी बारा जणांना निदान एक तरी दिसली. छाप पाहणाऱ्या पंधरांपैकी फक्त एकाला. प्रयोग चष्म्याचा नव्हता, पडद्याचा होता. पण छाप डोळ्याला किती बांधून टाकतो हे त्यातून कळलं. रेषा दिसते म्हणून माणूस रेषेकडे पाहतो आणि रेषेशेजारचा स्क्रू त्याच्या डोळ्यांदेखत अदृश्य होतो.

दुसरं दुखणं डोळ्याच्या भिंगाचं. होलोलेन्समधली प्रतिमा साधारण दोन मीटरवर आहे असं डोळ्याला वाटतं आणि सर्जनचे हात असतात हातभर अंतरावर. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणं डोळ्याला जमत नाही. पिसा विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना कागदावर ठिपके जोडायला सांगितले, आपल्याकडे रांगोळीत जोडतात तसेच. उघड्या डोळ्यांनी सरासरी चूक ०.९ मिलिमीटर. होलोलेन्समधून दिसणाऱ्या ठिपक्यांच्या आधाराने २.३ मिलिमीटर. खांद्याच्या हाडाला एवढं खपेल. डोळ्याच्या किंवा कानाच्या आतल्या ऑपरेशनला खपणार नाही. शिवाय होलोलेन्स २ चं वजन ५६६ ग्रॅम. अर्धा किलोहून जास्त ओझं कपाळावर घेऊन चार तास खाली वाकणं, हे मान वाचवायला निघालेल्या चष्म्याला शोभत नाही.

कोविडच्या साथीत या शिरस्त्राणाचा अनपेक्षित उपयोग झाला आणि तो शस्त्रक्रियेचा नव्हताच. लंडनमधल्या इम्पीरियलच्या रुग्णालयांत वॉर्डात फेरी मारायला सगळा चमू आत जाण्याऐवजी होलोलेन्स घातलेला एकच डॉक्टर जाऊ लागला. बाकीचे शेजारच्या खोलीत बसून तेच पाहत, बोलत, स्कॅन त्याच्या डोळ्यांसमोर धरत. धोक्याच्या जागी कर्मचाऱ्यांचा जाणारा वेळ ८३ टक्क्यांपर्यंत घटला आणि दर वॉर्डामागे आठवड्याला सातशेपर्यंत संरक्षक वस्तू वाचल्या, असं रुग्णालयाने जाहीर केलं. पीपीई किटसाठी जगभर मारामार चालली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट.

चष्मा नेहमी डॉक्टरच्याच नाकावर असतो असंही नाही. स्टॅनफर्डच्या एका प्रयोगात तो स्वमग्न मुलांना घातला. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर राग आहे की आनंद, हे या मुलांना ओळखणं अवघड जातं. चष्मा चेहरा वाचून खुणेने ते सुचवायचा. सहा ते बारा वर्षांची ७१ मुलं, सहा आठवडे, घरच्या घरी रोजच्या उपचारांच्या जोडीला. ज्यांना चष्मा मिळाला त्यांच्या सामाजिक वागण्यात इतरांपेक्षा मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली. आणि गूगलने पुढे सोडून दिलेल्या त्याच ग्लासवर नेदरलँड्समध्ये दोन भारतीय तरुणांनी ‘एन्व्हिजन’ हा दृष्टिहीनांसाठीचा चष्मा उभा केला: समोरचा मजकूर वाचून दाखवणारा, समोर काय आहे ते सांगणारा.

यंत्रं बदलत राहतात. होलोलेन्स २ चं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबवलं. त्याच वर्षी अ‍ॅपलचा ‘व्हिजन प्रो’ बाजारात आला आणि ज्या चेन्नईत २०१३ मध्ये ग्लास घातला गेला होता तिथल्याच सर्जननी तो दुर्बिणीच्या ऑपरेशनांत वापरायला घेतला. टीव्हीचा पडदा जिथे हवा तिथे, डोळ्यांच्या रेषेत टांगता येतो म्हणून. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला हीच चाचणी सुरू झाली. यंत्र सहाशे ग्रॅमच्या पुढचं आहे, म्हणजे ओझ्याचा प्रश्न तिथेच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र वाचकाच्या हातात आहे. ऑपरेशनच्या आधी संमतिपत्रावर सही घेतात तेव्हा ते बहुतेक जण वाचत नाहीत, नातेवाइकांची घाई असते. सर्जन कॅमेऱ्याचा चष्मा घालणार असेल तर चित्रण होणार का, ते कोण पाहणार, कुठे साठवलं जाणार आणि किती दिवस, हे चार प्रश्न सहीच्या आधी विचारावेत. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. बँगरच्या त्या पहिल्या रोग्यालाही आधी विचारलं होतं.